बॅगेत एक पेन्सिल टाका

कोकणातला वीकएण्ड म्हणजे आपला फंडा ठरलेला: बीच, मासे आणि दोनशे फोटो! या वेळी सोबत स्केचबुक घ्या आणि पावसच्या पुढे पूर्णगडला जा. मुचकुंदीच्या मुखावरचा हा चिमुकला किल्ला अर्ध्या तासात फिरून होतो. पण चित्र काढायला बसलात, तर सकाळ कमी पडते. दरवाजावर कोरलेले गणपती, चंद्र, सूर्य तेव्हाच नीट दिसतात.

मग या भागातल्या जुन्या घरांकडे वळा. तांबडा, भोकाभोकांचा जांभा, पावसाळ्यात शेवाळानं हिरवा. फ्रान्सिस ब्युकॅननने केरळात हाच दगड पाहून १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’, म्हणजे विटेसारखा दगड, असं नाव दिलं. खाणीत मऊ असतो, म्हणून चिरे सहज कापता येतात. हवा लागली की टणक होतो.

आता यातल्या कितीतरी भिंती प्लास्टरखाली जाताहेत. तिथे पेन्सिलला करण्यासारखं काहीच उरत नाही. आणि गावचं घर ठेवायचं की पाडून स्लॅब टाकायचा, हे बरेचदा ठरतं मुंबई-पुण्यात, तुमच्या-आमच्या पगारावर. ठरवण्याआधी त्या घरासमोर एकदा तासभर बसा. चित्र कसंही येऊ दे, घर तरी नीट बघून होईल.