तळे राखील तो पाणी चाखील
(द्वितीय वर्ष, कला)

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा पाहणाऱ्यांची गणती कोटींत करावी लागते. परंतु ही स्पर्धा कोणत्या देशात भरवायची हे ठरविणारे हात २ डिसेंबर २०१० रोजी अवघे बावीस होते. वास्तविक ते चोवीस असायचे. मतदानाला काही आठवडे उरले असताना एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी वेषांतर करून दोन सभासदांना मताच्या संदर्भात पैशांची भाषा करताना टिपले. ते दोघे निलंबित झाले आणि बावीस उरले. या बावीस जणांनी झुरिक शहरात बंद दाराआड, गुप्त मतदानाने, एकाच दिवशी दोन विश्वचषक वाटून टाकले. २०१८ चा रशियाला आणि २०२२ चा कतारला. कोणी कोणाला मत दिले याची जाहीर नोंद नाही. त्या बावीस जणांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढे चौकशी, बंदी किंवा खटला यांपैकी कशाच्या ना कशाच्या फेऱ्यात सापडले.

कोणी म्हणेल, याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? आपल्याकडे दोन चपला ठेवून गोल आखणारी मुले; त्यांना झुरिकचे काय सोयरसुतक? हा प्रश्न मी टाळणार नाही. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

फिफा ही संस्था १९०४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. आज तिचे २११ सभासद आहेत, आणि सर्वसाधारण सभेत प्रत्येक देशाच्या संघटनेला एकच मत असते. ब्राझीलला एक आणि एखाद्या चिमुकल्या बेटालाही एकच. हे तत्त्व मला मनापासून पटते. कारण एके काळी या संस्थेत गोऱ्या युरोपचाच शब्द चालत असे. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिका खंडाला एकसुद्धा हक्काची जागा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे निलंबन १९६३ साली उठविले गेले, तेव्हा इंग्लंडचे सर स्टॅन्ली राउस अध्यक्ष होते. पुढल्याच वर्षी ते निलंबन पुन्हा लागू करावे लागले, पण मने दुखावली ती दुखावलीच. १९७४ साली ब्राझीलच्या जोआंव आव्हेलांज यांनी राउस यांचा पराभव केला तो या दुखावलेल्या मतांच्या बळावर. गाऱ्हाणे खरे होते आणि विजयही न्याय्य होता.

पण पुढे काय झाले? गरीब देशांच्या नावाने आलेली सत्ता चोवीस वर्षे एकाच हाती राहिली. विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचे आणि जाहिरातींचे हक्क विकणारी आय. एस. एल. नावाची कंपनी २००१ साली बुडाली आणि तिच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या गेल्या, तेव्हा पडद्यामागचे दिसू लागले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस न्यायालयीन कागदपत्रांनुसार आव्हेलांज यांना किमान १५ लाख स्विस फ्रँक आणि त्यांचे एके काळचे जावई रिकार्डो तेशेरा यांना किमान १ कोटी २७ लाख फ्रँक मिळाले होते. गंमत अशी, की त्या काळी स्वित्झर्लंडच्या कायद्यात खासगी संस्थेतील अशी लाच हा गुन्हाच नव्हता! फिफा ही तेथील कायद्याने एक साधी ‘संस्था’ आहे. साधी म्हणायची, पण २०१९ ते २०२२ या चार वर्षांतले तिचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरच्या घरात होते.

माझ्या मते दुखणे माणसांत आहे त्याहून अधिक रचनेत आहे. मध्यवर्ती कार्यालयातून प्रत्येक देशाच्या संघटनेला विकासनिधी जातो. २०२३ ते २०२६ या काळासाठी तो प्रत्येकी ८० लाख डॉलरपर्यंत आहे. आणि ज्यांना हा निधी जातो, तेच २११ जण अध्यक्ष निवडतात. निधी देणारा हात आणि मत मागणारा हात एकच. मग मत विकत घ्यायला पाकीट कशाला हवे? नुसता निधी थांबण्याची भीती पुरते.

हे मला समजायला परदेशी पुस्तक वाचावे लागले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाचे तोंड पाहणारी मी पहिलीच. वडील सातवीपर्यंत शिकलेले आणि एका दूध संस्थेचे सभासद. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर तिच्या वार्षिक सभेला गेले होते. अहवालातील ‘इतर खर्च’ या रकमेबद्दल एका म्हाताऱ्या सभासदाने उभे राहून विचारले. मंचावरून उत्तर आले, “काका, आधी चहा घ्या.” चहा आला, ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला आणि सभा संपली. काकांच्या घरी दोन म्हशी आहेत, आणि पुढल्या कर्जाचा अर्ज त्याच मंचावरच्या माणसांकडे जाणार होता. ते पुन्हा उठले नाहीत. झुरिकमध्ये चहाऐवजी दुसरे काही असेल, रीत तीच.

आणि गरिबांच्या नावाने गेलेला पैसा गरिबांपर्यंत पोहोचतो का? त्रिनिदादचे जॅक वॉर्नर हे फिफाचे उपाध्यक्ष होते. कॅरिबियन मुलांसाठी एक मोठे प्रशिक्षण केंद्र उभारण्यासाठी अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. २०१३ साली त्यांच्याच प्रादेशिक महासंघाच्या चौकशी समितीने सांगितले, की ते केंद्र ज्या जमिनीवर उभे आहे ती वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या मालकीची आहे. केंद्राला नाव मात्र आव्हेलांज यांचे! तळे राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण येथे तळेच सातबाऱ्यावर चढविले होते.

२७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या एका आलिशान हॉटेलात पोलिसांनी सात पदाधिकाऱ्यांना अटक केली. अमेरिकेच्या आरोपपत्रात चोवीस वर्षांतील १५ कोटी डॉलरहून अधिक लाचेचा उल्लेख होता. आणि दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, सेप ब्लाटर पाचव्यांदा अध्यक्ष झाले! पहिल्या फेरीत त्यांना १३३ मते होती, प्रतिस्पर्ध्याला ७३. चार दिवसांनी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली, ही गोष्ट निराळी. एका वादग्रस्त रकमेवरून त्यांच्यावर बंदी आली, पण त्याच प्रकरणी स्विस न्यायालयांनी २०२२ व २०२५ साली त्यांना निर्दोष ठरविले, हेही सांगितले पाहिजे. रशिया आणि कतार यांनीही लाचेचे आरोप नाकारले आहेत. म्हणूनच मी कोणा एकाला चोर ठरवीत नाही. माझा सवाल वेगळा आहे. खरे काय ते कळण्याची सोय का नव्हती? फिफाने नेमलेले चौकशी अधिकारी मायकेल गार्सिया यांनी २०१४ साली आपला अहवाल दिला. तो छापला गेला नाही. छापला गेला तो ४२ पानांचा सारांश. त्यात अपूर्ण व चुकीचे चित्र उभे केल्याचे सांगून गार्सिया यांनी राजीनामा दिला. मूळ अहवाल २०१७ साली बाहेर आला, तोही एका जर्मन वृत्तपत्राच्या हाती लागल्यावर. रशियाच्या समितीने तर सांगितले, की आमचे संगणक भाड्याचे होते, ते परत केले आणि मालकाने नष्ट केले!

दरम्यान काही सुधारणाही झाल्या. अध्यक्षाला जास्तीत जास्त तीन मुदती, यजमान निवडण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला, मते उघड. २०१८ साली २०२६ च्या विश्वचषकाचे मतदान खरोखरच उघड झाले. १३४ विरुद्ध ६५, देशवार यादीसह. हे चांगले झाले, ते चांगलेच म्हटले पाहिजे. परंतु २०१७ साली नीतिसमितीच्या दोन्ही प्रमुखांची फेरनेमणूक झाली नाही. शेकडो प्रकरणे पडून आहेत, असे ते जाताना सांगून गेले. नवे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांची २०१६ ते २०१९ ही पहिली अपुरी मुदत मोजायची नाही, असे २०२२ साली ठरले. २०२३ मध्ये ते टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवडून आले. आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३० व २०३४ या दोन्ही विश्वचषकांचे यजमान एकाच ठरावात, टाळ्या वाजवून ठरले. २०३४ साठी सौदी अरेबिया हा एकटाच उमेदवार होता. बंद दाराआडच्या चिठ्ठीपासून उघड मतापर्यंत आलो होतो, तेथून टाळ्यांवर पोहोचलो. टाळीची मोजणी होत नाही, आणि न वाजविणाराही कॅमेऱ्यात दिसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारताला निलंबित केले. आपल्या महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती आणि निवडणूक होत नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रशासकांची समिती नेमली. फिफाच्या मते हा त्रयस्थांचा हस्तक्षेप होता. सरकारी दंडेलीपासून खेळाला वाचविण्यासाठी असा नियम हवा, हे मान्य. पण मुदत संपूनही खुर्ची रिकामी होत नसेल, तर सभासदांनी न्यायालयाखेरीज कोठे जावे? निलंबनाचा मार बसला तो खेळणाऱ्यांना. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्या मुली न खेळता परतल्या. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई येथे व्हायचा होता, तोही टांगणीला लागला. त्या मुली माझ्याच वयाच्या. २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि स्पर्धा झाली. मात्र प्रशासकांच्या मसुद्यात ३६ नामवंत खेळाडूंना मताचा अधिकार होता, तो त्या तडजोडीत गेला. मते उरली फक्त राज्य संघटनांची. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया ३३ विरुद्ध १ असा हरला. ज्याने देशासाठी घाम गाळला त्याच्या बाजूने एक मत! खेळाडूंना मत असते तरीही कदाचित तो हरला असता. पण खेळणाऱ्यांचे मत काय आहे, ते निदान कळले असते.

तेव्हा झुरिक आपल्याला वाटते तितके दूर नाही.

उपाय अवघड नाहीत. निधी वाटणारी यंत्रणा अध्यक्षाच्या हाताखाली नसावी. प्रत्येक देशाला गेलेला पैसा कोणत्या मैदानावर खर्च झाला, याचा हिशेब त्या देशाच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. चौकशीचा अहवाल संपूर्ण छापावा. आणि सभेत खेळाडूंना मत असावे. यातले काहीही आपल्या एका लेखाने होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपण प्रत्येक जण प्रवेशाच्या वेळी जिमखाना शुल्क भरतो. त्याचा जमाखर्च दरवर्षी सूचना फलकावर लागावा, अशी विनंती मी या अंकाद्वारे करीत आहे. माझा कोणावर संशय नाही. संशय नसतानाच हिशेब मागण्याची सवय लावून घेतली पाहिजे. संशय आल्यावर मागितलेल्या हिशेबाला चहा मिळतो.