पदपथाची कड ओलांडताना

विजेवर चालणारी चाकाची खुर्ची आली, की ज्येष्ठांना उंबरठ्यापलीकडचे जग पुन्हा खुले होते. पण वसई, नालासोपारा वा विरार स्थानकाबाहेर पहिली अडवणूक होते ती पदपथाच्या कडेपाशी.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. सर्वसाधारण विद्युत खुर्ची मात्र ४ ते ६ सेंटिमीटरचीच पायरी चढू शकते. म्हणजे नियमात बसणारी कडही तिच्या आवाक्याबाहेरची असू शकते. म्हणून आपल्या खुर्चीची मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावी आणि त्याहून उंच कडेवर ती कधीही घालू नये.

मर्यादेतील कड चढताना कमरेचा पट्टा बांधावा, पाठ सरळ व आसन सर्वांत खाली ठेवावे. खुर्ची कडेशी काटकोनात आणावी. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी कडेला टेकली पाहिजेत. तिरके गेल्यास एक चाक आधी चढते आणि खुर्ची कलंडते. उतरताना काही खुर्च्या पुढे तोंड करून, तर काही मागे सरकत न्यायच्या असतात. हे चालकचाके कोठे आहेत यावर अवलंबून असते; पुस्तिकेचे सांगणे प्रमाण मानावे. वेग मात्र दोन्ही वेळी संथच हवा.

काळजीवाहकांनी खुर्ची माणसासह उचलू नये. बॅटरीसह हे ओझे अनेकदा शंभर किलोंच्या पुढे जाते. हातटेका वा पायटेका धरल्यास तो निखळून हातात येऊ शकतो. मोटर चाकांपासून सुटी करणारा खटका उतारावर मुळीच ओढू नये, कारण त्याबरोबर ब्रेकही सुटतो.

उचलून नेता येणारा रॅम्प उपयोगी पडतो. मात्र १:१२ या सुरक्षित प्रमाणात १५ सेंटिमीटर चढण्यासाठी तो १८० सेंटिमीटर लांब लागतो. आखूड रॅम्पचा चढ धोकादायक ठरतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले असेल, तर कड आणि गटाराचे उघडे तोंड दोन्ही दिसत नाहीत. अशा वेळी परत फिरणेच शहाणपणाचे.

या पंधरवड्यात एक काम अवश्य करावे. औषधाचे दुकान, बँक, देऊळ किंवा चर्च या नेहमीच्या वाटेवर मोजपट्टी घेऊन एकदा पायी जावे, प्रत्येक कडेची उंची टिपावी आणि सोयीची वाट ठरवावी. जेथे वाटच नाही, तेथील उंची व छायाचित्र जोडून महापालिकेच्या प्रभाग समितीकडे उताराची लेखी मागणी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो. ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे.