विश्वाचा हेतू सांगणार कोण?

विश्व माणसासाठी बनलेले नाही, हे मान्य करायला आपल्याला जड जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर जाऊन बघा. राजापूर तालुक्यात कशेळीला जांभ्या कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी आहेत. आज कोकणात कुठेच नसलेला गेंडाही इथल्या कातळशिल्पांत दिसतो. गेंडा गेला, कोरणारेही गेले, सडा आहे तिथेच आहे.

यावर आता एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. माणूस केंद्रस्थानी नसेना का, पण विश्वाला स्वतःचा काही हेतू असेलच ना? देव न मानणारेही असे म्हणतात. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी २०१२ साली 'माइंड अँड कॉसमॉस'मध्ये मांडले की निसर्गातच ध्येयाकडे नेणारे नियम असू शकतील. नेगेल काही पुरोहित नव्हेत, त्यांच्याशी वाद घालता येतो. आपल्याकडे मात्र हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. पुरुषसूक्त आठवा. तिथेही केंद्रस्थानी तुम्ही-आम्ही नाही, विराट पुरुष आहे. त्याच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र! हेतू विश्वाचा म्हटला की तो सांगायला मध्यस्थ लागतो, आणि कोणताही मध्यस्थ स्वतःला पायाशी बसवत नाही.

विश्व शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, असे मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा बुद्धाने उत्तर दिले नाही. बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. प्रतीत्यसमुत्पादात कारणे आहेत, हेतू नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेब आणखी पुढे जातात. जगातली नैतिक व्यवस्था देव चालवत नाही, ती माणसाच्या कुशल-अकुशल कर्मावर टिकते, असे ते मांडतात. म्हणजे माणूस विश्वाचा मालक नाही, पण अन्यायाचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

"हेतूच नसेल तर न्यायासाठी लढायचे कशाला?" असे कुणी विचारले तर त्याला खोती सांगा. बाबासाहेबांचे मूळ गाव अंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. इथल्या कुळांच्या घामावर खोत पिढ्यान्‌पिढ्या जगले आणि कुळांना ते नशीब वाटत राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते ग्रहताऱ्यांना विचारून नव्हे. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत विश्वाने काही केले नाही. जे केले ते माणसांनी, आणि अडवलेही माणसांनीच.