विश्लेषण : ट्रकचा टायर ‘अचानक’ फुटतो का?

‘टायर फुटल्याने चालकाचे नियंत्रण सुटले आणि...’ समृद्धी महामार्गावरील असो वा धुळे-सोलापूर रस्त्यावरील, अपघाताच्या कितीतरी बातम्या या वाक्याने सुरू होतात. वाचणाराही तिथेच थांबतो. टायर फुटला म्हणजे कुणाचा इलाज नव्हता, असे गृहीत धरले जाते. टायर मात्र क्षणात फुटत असला, तरी तो क्षणात खराब होत नाही. त्याआधीचे काही दिवस, कधी काही महिने, कुणीतरी हवा तपासलेली नसते, कुणीतरी जास्त माल भरलेला असतो किंवा स्वस्तातला चुकीचा टायर बसवलेला असतो. या ‘कुणीतरी’चा शोध घेतला जात नाही, ही खरी अडचण आहे.

बुलढाण्याच्या अपघातातून काय दिसले?

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने बस उलटली, असे चालकाने सांगितले आणि पहिल्या काही तासांत तेच सर्वत्र पसरले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. घटनास्थळी रबराचे तुकडे नव्हते, तशा खुणाही नव्हत्या. म्हणजे त्या रात्री टायर निर्दोष होता. तरीही पहिले नाव त्याचेच पुढे आले, कारण टायरला कुणी जाब विचारत नाही.

न्यायालय याकडे कसे पाहते?

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये या सवयीला स्पष्ट उत्तर दिले. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाताना एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी दरीत कोसळली आणि ३८ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे ही दैवी घटना आहे, असा तिचा युक्तिवाद होता. न्या. एस. जी. डिगे यांच्या एकल पीठाने तो फेटाळला. दैवी घटना म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची, अनपेक्षित नैसर्गिक घटना. टायर फुटणे हा मानवी निष्काळजीपणा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. जास्त वेग, कमी किंवा जादा हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणे निकालात आली आहेत. प्रवासाआधी टायर पाहणे हे चालकाचे आणि मालकाचे काम आहे, हेही त्यात आले. अपघात ते निकाल या प्रवासात त्या कुटुंबाची बारा वर्षे गेली.

खटला मोटारीचा होता. पण ट्रकला तर हे अधिकच लागू पडते, कारण तिथे चाके दहा-बारा आणि वजन काही टनांत असते.

मग टायर नेमका कशाने फुटतो?

बहुतेक वेळा उष्णतेने, आणि ती उष्णता फक्त उन्हाची नसते. चाक फिरताना टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि पुन्हा सरळ होते. हवा पुरेशी असेल तर हे दबणे थोडे असते. हवा कमी असली किंवा वजन जास्त झाले, की भिंत जास्त वाकते, आतल्या तारा आणि रबर एकमेकांवर घासतात आणि तापतात. रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ती साठत जाते, थर सुटू लागतात आणि एखाद्या किलोमीटरवर सगळे एकदम बाहेर येते. वाऱ्याने नव्हे, तर वाळवीने आतून पोखरल्यामुळे पडलेल्या झाडासारखे हे असते.

ट्रकच्या मागच्या आसावर चाके जोडीने असतात. जोडीतला आतला टायर सहसा नजरेआड राहतो. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही, म्हणून पंपावर बाहेरच्या टायरचीच हवा पाहिली जाते. आतला टायर मऊ झाला, की त्याच्या वाट्याचे वजन बाहेरचा उचलतो आणि दोन्ही मरतात. ढाब्यावर उतरून लोखंडी रॉड टायरवर मारायचा आणि आवाजावरून अंदाज घ्यायचा, ही ड्रायव्हर-क्लीनरची जुनी रीत. पूर्ण बसलेला टायर त्याने कळतो. पण हवा ११० पीएसआय आहे की ८५, हे जगातल्या कुठल्याच कानाला कळत नाही. त्याला काही शे रुपयांचा गेजच लागतो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही. मराठवाड्याच्या रस्त्यांवरचा हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, टायर हाताला चटके देतो, गेज लावला तर हवा वाढलेली दिसते आणि ड्रायव्हर ती थोडी सोडून देतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. हिशेब मात्र उलटा पडतो. सकाळी ३० अंशांना ११० पीएसआय भरलेली हवा टायर ७० अंशांपर्यंत तापला की १२६च्या आसपास जाते. ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडून काटा पुन्हा ११० वर आणला, तर रात्री थंड झाल्यावर तिथे ९५-९६च उरते. दुसऱ्या दिवशी तोच टायर तेच वजन घेऊन निघतो, जास्त वाकतो आणि जास्त तापतो. तेव्हा हवा गार टायरलाच, सकाळी निघण्यापूर्वी पाहायची आणि गाडीच्या किंवा टायरच्या कंपनीने सांगितली तेवढीच ठेवायची.

नायट्रोजनचा आग्रहही थोडा बाजूला ठेवायला हरकत नाही. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो तपासण्याने.

समृद्धीचा काँक्रीट रस्ता दोषी आहे का?

मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. छत्रपती संभाजीनगरला सावंगी आणि माळीवाडा येथून त्यावर चढता येते. काँक्रीटमुळे टायर फुटतात, असे पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून बोलले जाते. त्यात थोडे तथ्य इतकेच, की हा रस्ता टायरला विश्रांती देत नाही. जुन्या रस्त्यावर गाव, गतिरोधक, फाटक, चहाची टपरी येते. दुबळा टायर तेवढ्यात गार होतो. समृद्धीवर तो तासन् तास एकाच वेगाने फिरतो. मालवाहू वाहनांना तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, ती पाळली तरी हे खरेच आहे. रस्त्याने टायर बिघडवला नाही, बिघडलेला टायर उघडा पाडला.

परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना माघारी पाठवायला सुरुवात केली. हे योग्यच झाले. पण डोळ्यांना दिसते ती झीज. आतल्या जोडीतली हवा आणि हौद्यातले वजन तशा तपासणीत दिसत नाही.

वजनाचा आणि टायरचा हिशेब कुठे चुकतो?

जालन्याच्या स्टील कारखान्यांतून सळया भरून निघालेला ट्रक पाहिला, तर हौदा अर्धा रिकामा वाटतो. लोखंड जागा कमी घेते. दोन टन जास्त चढले तरी नजरेला कळत नाही, टायरला कळते.

केंद्राने २०१८ मध्ये आसांवरील वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आता टायरकडे पाहू. १०.००-२० मापाच्या १६ प्लाय टायरवर ‘१४६/१४३’ हा लोड इंडेक्स असतो. यातला दुसरा आकडा जोडीत बसवण्यासाठीचा; १४३ म्हणजे प्रत्येकी २,७२५ किलो. चार टायरचे झाले १०,९०० किलो. जुन्या मर्यादेला हे पुरत होते, नव्या मर्यादेपर्यंत माल भरला तर सहाशे किलो कमी पडतात, तेही कायदा न मोडता. १८ प्लायचा ‘१४९/१४६’ टायर घेतला तर चार टायर १२ टन पेलतात. म्हणून आरसीवर वजन किती लिहिले आहे ते आधी पाहायचे आणि मग दुकानात जायचे. ‘आधी होता तसाच द्या’ हे सांगणे सोपे आहे, पण आधीचा टायर बरोबर होता की नाही, हे कुणी पाहिलेले नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणाराही त्यात येतो. रस्त्यावर मात्र हात ड्रायव्हरच्याच कॉलरला जातो. माल चढवणारा, भाडे टनावर ठरवणारा आणि ‘एवढ्यात नाही परवडत तर दुसरी गाडी आहे’ असे म्हणणारा ऑफिसात असतो.

बदलायचा टायर कसा निवडावा?

वाळूजमध्ये गुडइयरचा आणि शेती-खाणकामाच्या यंत्रांचे टायर बनवणाऱ्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखाना आहे. टायर बनवणाऱ्या या शहरातही ट्रकवाला दुकानात पहिला प्रश्न किमतीचाच विचारतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दहा चाके आणि एक स्टेपनी, एका टायरला वीस हजारांच्या आसपास किंवा अधिक. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला दोन लाख रुपये एकदम काढणे जमत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

म्हणून एकेक टायर बदलला जातो. तसा बदलतानाही जोडीतले दोन टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर उंच असलेला टायर सगळे वजन घेतो. एकाच आसावर नायलॉन आणि रेडियल मिसळू नयेत. सर्वांत चांगले दोन टायर पुढे हवेत. मागचा एक फुटला तर जोडीदार गाडी सावरू शकतो, पुढचा फुटला तर स्टिअरिंग ओढले जाते. अशा वेळी करकचून ब्रेक न मारता स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू मंदावू द्यावी लागते.

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे तारीख सांगतात : ‘१८२४’ म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. दुकानातला ‘नवा’ टायर तीन वर्षे पडून असेल, तर ते इथे कळते. आयएसआय खूण आणि पक्के बिल हवेच. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार टायर बाद. खाचांमधल्या आडव्या पट्ट्या रबराच्या पातळीला आल्या, तर तीच वेळ. टायर पूर्ण गोटा होईपर्यंत थांबायचे नसते. फुगवटा आला असेल किंवा आतला धागा दिसत असेल, तर खोली मोजायचीही गरज नाही.

रिमोल्डला सरसकट नावे ठेवणे बरोबर नाही. चांगल्या केसिंगवर नीट चढवलेले रबर मागच्या चाकांना अनेक किलोमीटर साथ देते आणि पैसेही वाचवते. रस्त्याकडेला दिसणाऱ्या रबराच्या लांब पट्ट्यांचे खापर रिमोल्डवर फुटते. त्यातल्या अनेकांमागेही कमी हवाच असते. पण हवा नसताना पळवलेले केसिंग पुन्हा रबर चढवायला देऊ नये. पुढच्या चाकाला तर रिमोल्ड नकोच. कुठल्या गाडीतून निघाला हे माहीत नसलेला जुना टायर, विशेषतः काळा रंग फासून चकचकीत केलेला, कितीही स्वस्त असला तरी नको.

फुटल्यानंतरचा धोका कोणता?

टायर फुटून कुणाला काही झाले नाही, तरी पुढचा अर्धा-पाऊण तास धोक्याचा असतो. जॅक लावलेला, दिवे बंद असलेला ट्रक रात्री रस्त्यावर उभा असतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर समृद्धीवर ट्रकला मागून धडकला आणि १२ जणांचा मृत्यू झाला. तो ट्रक टायरमुळे थांबलेला नव्हता. परिवहन विभागाच्या पथकाने तो थांबवल्याचा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. द्रुतगती मार्गावर अंधारात थांबलेला ट्रक काय करतो, हे मात्र त्या रात्री दिसले. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा पाहणे आणि परावर्तक त्रिकोण हाताशी ठेवणे, ही कामे त्यासाठी.

पंचनाम्यात काय असायला हवे?

टायर फुटल्याचे कारण लिहिताना त्या टायरचा आठवडा-वर्ष, खाचांची खोली, लोड इंडेक्स आणि तो नवा होता की रिमोल्ड, याची नोंद सक्तीची करता येईल. बाकीच्या चाकांतली हवा जागेवर मोजता येते. बिल्टी आणि काट्याची पावती ताब्यात घेता येते. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक गेज आणि अर्धा तास लागतो. मग टायर फुटला या नोंदीपुढे माल कुणी भरला आणि टायर कुणी बसवला, हेही लिहावे लागेल.