किनाऱ्यावरचा बगळा, हडपसरच्या टेबलावर

'हडपसरला राहून ड्रिफ्टवुडची शिल्पं? समुद्र कुठंय?' ऑफिसात मला हे हमखास विचारतात. अहो, या छंदाला आधी नजर लागते! अवनींद्रनाथ टागोर वाळक्या फांद्या आणि मुळं उचलून त्यांतून पक्षी-प्राणी साकारायचे. गोव्याचे डॉ. सुबोध केरकर तर प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ कलावंत झाले. शिंपले, जुन्या होड्यांचं लाकूड, टाकाऊ बाटल्या त्यांच्या कामात येतात. २०१५ मध्ये त्यांनी पिळर्णला 'म्युझियम ऑफ गोवा' उघडलं.

तर मंडळी, पुढच्या कोकण वीकेंडला एक रिकामी पिशवी न्याच. वाहून आलेलं लाकूड, जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिक खुशाल उचला. प्रवाळाला मात्र हात नको. मेलेलं असलं, तरी वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.

घरी आल्यावर लाकूड गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. मीठ राहिलं तर पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, खिळे गंजतात. मग सावलीत वाळवा आणि आठवडाभर नुसतं बघत राहा. माझा बगळा असाच सापडला, चोचीसकट. करवत अगदी शेवटी! तोवर सराव हवाय? कालव्याकाठी वाळक्या फांद्या पडल्यात की!