गर्दीचें माप

संस्कृतांत गर्दीला संमर्द असा शब्द आहे. धातु मृद्, अर्थ चुरडणें. आम्ही गिरगांवांत वाढलेली माणसें मात्र गर्दीविषयीं बोलूं लागलों कीं गहिंवरतों : काय ती चाळ, काय तो शेजार, काय तो गणपति! केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, हा अभिमान तर आम्हांस बाळकडूबरोबरच मिळालेला. मीहि तो बाळगतों. परंतु हल्लीं मला अशी शंका येऊं लागली आहे, कीं या कौतुकाचीं सारीं वाक्यें पुरुषांनींच रचलेलीं असावींत.

ज्या वाचकांनीं चाळ पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. लांबट इमारत, प्रत्येक मजल्यावर एका ओळींत खोल्या, खोल्यांपुढें सलग गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सर्वांचे मिळून संडास. आमची खोली सुमारें १८० चौरस फुटांची. तींत आजी, आईवडील, काका-काकू, आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण अशीं नऊ माणसें. नऊ माणसें तेवढ्या जागेंत राहिलीं असें म्हणणें मात्र खरें नव्हे. राहिल्या त्या बायका. आम्ही मुलगे गॅलरींत अभ्यास करीत असूं, गॅलरींत जेवणानंतरचे पत्ते खेळत असूं आणि वळकट्या टाकून गॅलरींतच झोपत असूं. वडील व काका कचेरींतून आले कीं चहा घेऊन बाहेरच्या बांकावर बसत. आमची चाळ म्हणजे ती गॅलरी. वारा तेथें, गप्पा तेथें, नाटकाच्या तालमी तेथें. बहीण शालांत परीक्षेला बसली त्या वर्षीं तिचा अभ्यास मात्र मोरीच्या पडद्याला पाठ लावून, स्टोव्हच्या आवाजांत झाला. रात्रीं दहानंतर मुलीनें गॅलरींत बसणें कोणास रुचलें नसतें. तसें कोणी तिला कधीं सांगितलें नाहीं. सांगावें लागलें नाहीं.

आई दिवेलागणीनंतर पाणी पीत नसे. अंधारांत सबंध गॅलरी, आणि तीहि झोपलेल्या पुरुषांमधून, ओलांडून संडासाला जावें लागूं नये म्हणून. हें मला ती सत्तरीला आल्यावर कळलें. तेंहि डॉक्टरांनीं, दिवसाला पाणी किती पितां, असें तिला विचारलें तेव्हां.

शहराची दाटी एकराला किती माणसें या मापानें मोजण्याचा प्रघात आहे. मला तें माप अपुरें वाटतें. १९३१ च्या शिरगणतींत मुंबईचे सुमारें तीन चतुर्थांश लोक एकेका खोलींत राहत होते. त्याआधीं १९२१ सालीं, एका खोलीच्या बिऱ्हाडांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ८२८ मुलें वर्षाच्या आंत दगावल्याची आरोग्यखात्याची नोंद आहे. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आंकडा १३३. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात, जन्म तिकडे नोंदला जाई व मृत्यु इकडे. त्यामुळें पहिला आंकडा फुगलेला आहे हें खरें. तो कितीहि उतरवून घेतला तरी दोहोंमधील दरी बुजत नाहीं. आणि एकर दोघांनाहि तोच!

आणखी एक आंकडा पाहावा. त्याच १९२१ च्या शिरगणतींत मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया होत्या ५२५. रत्नागिरी-साताऱ्याकडून गिरण्यांत व गोदींत आलेला माणूस बायकामुलें गांवीं ठेवून एकेका खोलींत दहापंधरा जणांत राही, खाणावळींत जेवी. अशा शहरांत जिला नवऱ्यानें मुंबईस आणलें ती भाग्यवान ठरे. भाग्यवानानें तक्रार करावयाची नसते. आमच्या घरांतील मौनाचें मूळ मला येथें दिसतें.

आतां ही गर्दी विरळ होत चालली आहे. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची, लोकसंख्या २००१ सालीं ३३ लाख ३८ हजार होती. २०११ सालीं ती ३० लाख ८५ हजारांवर आली. हजार पुरुषांमागें स्त्रिया याच दहा वर्षांत ७७७ वरून ८३२ झाल्या. मी १९८४ सालीं शाळेंत लागलों तेव्हां पांचवीच्या चार तुकड्या होत्या. निवृत्त झालों तेव्हां एक, आणि तींतहि रिकामे बांक. कारणें अनेक आहेत. गिरण्या बंद पडल्या. १९४७ च्या कायद्यानें भाडें १९४० च्या पातळीला बांधलें गेलें. भाडेकरू सुखावला आणि घरमालकानें डागडुजी सोडली. परंतु आमच्या मजल्यावरचीं बिऱ्हाडें एकामागून एक डोंबिवलीला गेलीं तेव्हां कायद्याचा उच्चार कोणी केला नव्हता. 'सुनेनें घर फोडलें' एवढेंच म्हटलें गेलें.

आमच्या घरींहि तसेंच झालें. दादाच्या लग्नानंतर पांच वर्षांनीं, १९८८ सालीं, वहिनींनीं दोन खोल्यांचा हट्ट धरला. वडील त्यांच्याशीं वर्षभर बोलले नाहींत. मीहि त्यांना स्वार्थी म्हटलें होतें, तें त्यांच्या कानांवर गेलें असणार. वडील वारल्यावर आईनें शेवटचीं वर्षें त्या दोन खोल्यांतच काढलीं. मी भेटीस जाई तेव्हां पाही, रात्रीं तिच्या उशाशीं तांब्या भरून ठेवलेला असे. वहिनी ठेवीत.

मी व सौभाग्यवती अजून त्याच चाळींत आहों. यंदा तिच्या पुनर्बांधणीचा नकाशा आला. प्रथेप्रमाणें आम्ही पुरुषांनीं तो गॅलरींत उभें राहून पाहिला व मान डोलावली. सौभाग्यवतींनीं तो आंत मागून घेतला, चष्मा लावून बराच वेळ न्याहाळला, आणि न्हाणीघराचें दार बैठकीच्या खोलींत उघडतें कीं आंतल्या बोळांत, एवढेंच विचारलें. मला सांगतां आलें नाहीं. रविवारीं भाडेकरूंची सभा आहे. त्या सभेंत बायका सहसा येत नाहींत. या खेपेस आम्ही दोघें जाणार आहों आणि तो प्रश्न त्याच विचारणार आहेत.