‘मला भूक नाही’ यावर विश्वास ठेवू नका



दिवाळीनंतर आम्ही तेवीस जण तीन दिवस महाबळेश्वरला जाऊन आलो. दीर, नणंदा, मुलं, सुना, नातवंडं आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. फोटो सगळ्यांनी पाहिले, छान आले आहेत. फोटोत न आलेली एक गोष्ट आज लिहिते. घरात काहींना ती आवडणार नाही, पण लिहिणार.

सासूबाईंचा रात्रीभोजनाचा त्याग ५१ वर्षांचा. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी त्यांचं जेवण आटोपलेलं असतं. नोव्हेंबरात तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वापाचला ताट उचललं गेलं पाहिजे. आता आमचा कार्यक्रम बघा. तीनला दुपारचं जेवण, मग आराम, मग सूर्यास्त बघायला बॉम्बे पॉइंट, मग बाजारात चपला आणि जाम, आणि साडेआठला ‘कुठे जेवायचं?’ या चर्चेला सुरुवात.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी गाडीत दोन खाकरे खाल्ले. दुसऱ्या दिवशी खाकऱ्याची पिशवी खोलीवरच राहिली. त्यांनी मात्र रोजच्यासारखी पाच वाजता मधुमेहाची गोळी घेतली, जेवण येईलच असं धरून. ‘आई, काही आणू का?’ असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘मला भूक नाही गं.’ आणि मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

पावणेनऊला हॉटेलात, पनीर कुठलं मागवायचं यावर वाद चालू असताना, त्यांचे हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम. मी पाण्यात साखर ढवळून ग्लास त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी एकदा बाहेरच्या काळोखाकडे पाहिलं आणि प्यायल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर त्या जपमाळ घेऊन बसलेल्या. कोणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचा नियम त्यांनी मोडला नाही, आम्ही बावीस जणांनी मिळून मोडला.

यावर घरातून जी उत्तरं आली, ती तुमच्याही घरात ऐकू येत असतील. ‘सुट्टीत थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं.’ बरोबर आहे. पण करतं कोण? दरवेळी तीच माणसं. ‘एका माणसासाठी बावीस जणांचा कार्यक्रम बदलायचा?’ बी.कॉम. आहे, हिशेब करून दाखवते. पावणेपाचला सगळ्यांनी जेवायचं आणि मग सूर्यास्त बघायचा. मुलांना साडेआठला पुन्हा भूक लागली तर पावभाजी खाता येते. यात बावीस जणांचं नुकसान शून्य, आणि एका माणसाचं जेवण मात्र वाचतं.

‘त्या वेळी हॉटेलचं स्वयंपाकघर बंद असतं’ हेही ऐकलं. बंद असतं खरं, बऱ्याच ठिकाणी दुपारी साडेतीननंतर संध्याकाळी सातपर्यंत. म्हणून तर सकाळी फोन करायचा असतो! तिसऱ्या दिवशी मी तो केला. तेवीस पानं, पावणेपाच वाजता, फुलके, भेंडी, मुगाची डाळ, भात, ताक. तेवीस जणांची एकच ऑर्डर, ठरलेल्या वेळी, तीही त्यांच्या रिकाम्या वेळात. मालकाने दोन मिनिटांत होकार दिला. एवढंच काम होतं, आणि दोन दिवस कोणी केलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गंमत म्हणजे बिल आलं की आम्ही सगळे हुशार. आदल्या रात्री सेवाशुल्क लावलं म्हणून दहा मिनिटं वाद घातला. मुद्दा बरोबरच होता. जीएसटी द्यावाच लागतो, पण सेवाशुल्क ऐच्छिक आहे, २०२२ पासून ग्राहक प्राधिकरणाचा तसा नियम आहे. साडेसहाशे रुपये वाचवले. तेवढीच जागरूकता सकाळी नऊला दाखवली असती तर?

आता थोडं आपल्या जैनांनाही. ऑर्डर देऊन झाल्यावर ‘जैन करून आणा हं’ असं ओरडायचं, आणि बटाटा निघाला की वेटरवर खेकसायचं, हे बंद करा. एका ठिकाणी जैन म्हणजे फक्त कांदा-लसूण नको, दुसरीकडे बटाटा, गाजर, आलंही नको. त्या पोराने आगम वाचून कामाला यायचं का? काय चालत नाही ते नावं घेऊन आधीच सांगा. दुपारी ‘जैन’ मागून रात्री गार्लिक ब्रेड खाणाऱ्यांनी तर आवाज जरा खालीच ठेवावा. आणि घरचं खाण्याच्या नादात हॉटेलची दहा टेबलं अडवून खाकऱ्याचे डबे उघडू नका. अहिंसा ताटापुरती नसते. राबणाऱ्या माणसाला त्रास न देणं हाही तिचाच भाग आहे.

आणि सुनांनो, हे काम माझ्यासारख्या एकीच्या गळ्यात पडू देऊ नका, नाहीतर तिची सुट्टी म्हणजे नुसतं घर बदलून स्वयंपाक. रोज एकाने, मुलग्यांनीही, सकाळी नऊला फोन करायचा. वेळ ठरवायची ती घरात ज्याचा नियम सर्वांत कडक आहे त्याच्या घड्याळाने. ज्याला औषध आहे त्याच्याकडे खाऊची वेगळी पिशवी, आणि ती त्याच्याच मांडीवर.

मे महिन्यात श्रवणबेळगोळला जायचं ठरतंय. घरच्या ग्रुपवर बस, खोल्या, ड्रोन कॅमेरा यांची चर्चा रंगली आहे. जेवणाच्या वेळा अजून कोणी लिहिलेल्या नाहीत. त्या लिहून येईपर्यंत माझे आणि सासूबाईंचे पैसे मिळणार नाहीत, हे मी आजच कळवलं आहे.